मामांची लग्नपत्रिका उघडून बघताना

गेल्या वैशाखात मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, तीही त्यांच्या साडूंकडून. फाइलचं शेपूट मात्र एपीके, म्हणजे पत्रिका नव्हे, अँड्रॉइडचं अ‍ॅप. मामांचा फोन आला, "अगं, ही उघडत का नाही?" म्हटलं, नशीब समजा, अनोळखी अ‍ॅपला तुमच्या फोनमध्ये बंदी आहे. आधी साडूंना साधा फोन लावा, पत्रिका त्यांनी पाठवलेलीच नसणार.

मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, कसं तपासतात ते शिकायला हा नमुना झकास. पण आधी जागा तयार करा. जुना लॅपटॉप घ्या, ज्यात ना बँकेचं काही ना घरचे फोटो. त्यावर लिनक्स, त्यात व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा वेगळा संगणक), त्याचा स्नॅपशॉट घेतलेला, म्हणजे बिघडलं तर आधीच्या स्थितीत परतता येतं, आणि नेटवर्क व बाहेरच्या लॅपटॉपशी जोडणारा शेअर्ड फोल्डर दोन्ही बंद. पहिल्या वेळी माझा शेअर्ड फोल्डर चालूच राहिला होता. बिघडलं काही नाही, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हात बसवायला अँटीव्हायरस तपासण्यासाठी बनवलेली आयकारची चाचणी फाइल वापरा: ६८ अक्षरं, निरुपद्रवी, तरी अँटीव्हायरस आरडाओरडा करतो.

आता पत्रिका. इन्स्टॉल करायची नाही, नुसती वाचायची. एपीके म्हणजे झिपच. हेक्समध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट बघितले की, सुरुवातीला 'पीके' दिसतं, ती झिपवाल्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा, काढा आणि ती ६४ अक्षरं दुसऱ्या मशीनवरून व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक अँटीव्हायरसचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या साइटवर, शोधा. फाइलच चढवायची घाई नको. चढवलेली फाइल इतरांच्याही हाती लागते. उद्या तिथे ऑफिसचा कागद असला तर?

मग जॅडएक्समध्ये (अ‍ॅपचा कोड वाचता येईल असा करणारं साधन) उघडून आधी मॅनिफेस्ट, म्हणजे अ‍ॅपनं मागितलेल्या परवानग्यांची यादी असलेली फाइल, बघा. पत्रिकेला एसएमएस वाचायचे असतात कशाला? फोन सुरू होताच आपोआप जागं व्हायचं असतं कशाला? पुढे कोडमध्ये सगळी नावं ए, बी, सी अशी. नावांच्या नादी न लागता एसएमएस आल्यावर जागा होणारा कोडचा भाग, म्हणजे रिसीव्हर, धरा आणि मजकूर कुठे जातो ते बघत चला. मामांच्या पत्रिकेतून तो एका टेलिग्राम बॉटकडे, म्हणजे टेलिग्रामवरच्या आपोआप चालणाऱ्या खात्याकडे जात होता, त्या बॉटची किल्ली असलेलं टोकन कोडमध्येच उघडं पडलेलं. ओटीपी पळवायचं यंत्र ते एवढंसंच.

इथे हात शिवशिवतात. ते टोकन वापरून चोराचे मेसेज वाचू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आहे, आणि यंत्रणा चोराची म्हणून त्यात सूट नाही. मी हॅश आणि टोकन केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर कळवलं. पैसे गेले असते तर सगळ्यात आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

चोरबाजार समजून घ्यायला डार्क वेबवर, म्हणजे खास ब्राउझरशिवाय न दिसणाऱ्या इंटरनेटवर, भटकायची गरज नाही. बंद पडलेल्या बाजारांचे खटले आणि पोलिसांची निवेदनं वाचा. २०१७ मध्ये अल्फाबे हा डार्क वेबवरचा बाजार बंद पडल्यावर गिऱ्हाइकं हान्सा या दुसऱ्या बाजाराकडे धावली. तो बाजार तेव्हा डच पोलीसच चालवत होते! २०२३ मध्ये बंद पाडलेल्या जेनेसिस या बाजारात चोरलेल्या पासवर्डच्या जोडीला ब्राउझरच्या कुकीजही विकल्या जायच्या, म्हणजे ज्यांच्यामुळे पासवर्ड न टाकताही खातं उघडं राहतं त्या खुणा. तेव्हापासून कुणाचं खातं हॅक झालं की मी नुसता पासवर्ड बदलायला सांगत नाही, आधी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करायला लावते.

साडूंचा फोन शेवटी फॅक्टरी रीसेट करावा लागला. मामा अजून विचारतात, "पण लग्न होतं कुणाचं?"