लग्नाच्या तयारीत या चुका टाळा : सोलापूरकरांसाठी

सुपारी फुटली की घरात लगबग सुरू होते आणि सोलापुरात तरी या लगबगीतले पहिले काम बहुधा मंगल कार्यालय धरण्याचे, दुसरे बस्त्याचे आणि तिसरे सोन्याचे असते. पाहुण्यांची यादी मात्र पत्रिका छापायला टाकण्याच्या आदल्या रात्री, जुन्या लग्नाची वही उघडून, चार जणांच्या चार मतांमध्ये कशीबशी उरकली जाते. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या उलट्या क्रमात असते. किती पाने उठणार हा आकडा हाती नसेल, तर कार्यालय केवढे हवे, आचाऱ्याला काय सांगायचे, पाण्याचे किती टँकर लागतील, पत्रिका किती छापायच्या आणि आहेराचे टॉवेल-टोपी किती आणायचे, यांतले एकही काम नीट ठरत नाही. आणि पैसा हाताशी असला तरी आयत्या वेळी ही कसर भरून निघत नाही.

यादीआधीच कार्यालय धरणे

यादी एकच असते, हा पहिला गैरसमज. हळदीच्या जेवणाला किती, अक्षतांना किती आणि मुक्कामाला किती, हे तीन वेगळे आकडे आहेत आणि वहीत प्रत्येक घरापुढे त्यांचे तीन रकाने आखावे लागतात. हळदीच्या रात्रीचे जेवण पूर्वी घर आणि गल्ली एवढ्यापुरते असे. आता अनेक घरांत ते लग्नाच्या जेवणाच्या जवळपास जाऊन पोहोचते, तरी खर्चाच्या अंदाजात त्याची जागा अजून ‘किरकोळ’ या सदरातच असते. शहरातल्या घरातून कामाच्या दिवशी दुपारी एक-दोन माणसेच येतात, पण अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ किंवा बार्शीकडची भावकी गाडी भरून येते. म्हणून सगळ्यांना सरसकट घरटी अमुक माणसे असा एकच हिशेब लावू नये. वराकडचा आकडा वधूकडच्यांनी परस्पर गृहीत धरणे ही तर नेहमीची चूक. तो याद होतानाच, म्हणजे देण्याघेण्याची बोलणी ठरतानाच, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर लिहून घ्यावा.

कार्यालय आधीच धरून झाले असेल आणि यादी त्याला पुरून उरली असेल, तर तोंडी गेलेली आमंत्रणे मागे घेता येत नाहीत. भार वाटून घेणे एवढेच हाती राहते. कचेरीतल्या आणि धंद्यातल्या ओळखीच्या लोकांसाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लहानसा स्वागत समारंभ ठेवावा, हळद कार्यालयाऐवजी घरापुढच्या मांडवात करावी. अक्षतांआधी तासभर पंगत सुरू करण्याची वाटही खेड्यांतल्या लग्नांत काढली जाते. शहरात तिला नाके मुरडतात, पण तीन वाजेपर्यंत उपाशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहिले तर तीत काही वावगे नाही.

इसाराच्या पावतीला करार समजू नये. ताबा आदल्या दिवशी किती वाजता मिळणार आणि कार्यालय किती वाजता सोडायचे, वीज युनिटप्रमाणे की ठोक, जनरेटरचे डिझेल कोणाचे, बाहेरचा आचारी चालतो की नाही, बिछायत आणि भांडी त्यांचीच घ्यावी लागतात का, सांगितलेली रक्कम जीएसटी धरून आहे की सोडून, आणि तारीख बदलावी लागली तर इसाराचे काय, हे सारे कागदावर यायला हवे. यांतला ताब्याचा मुद्दा सर्वांत जास्त नडतो. आदल्या संध्याकाळी त्याच कार्यालयात दुसऱ्या कोणाचा स्वागत समारंभ असेल, तर तुमची हळद रात्री अकरानंतर सुरू होते आणि पहाटेपर्यंत कोणीही झोपत नाही.

एकाच मुहूर्तावर अडून बसणे

ज्या गावातून दाते पंचांग शंभर वर्षांहून अधिक काळ निघते, त्या गावात मुहूर्ताबद्दल चार शब्द सांगणे हे धाडसच आहे. तरी एक गोष्ट सांगायला हवी : गुरुजींकडून एकच तारीख न घेता तीन तारखा घ्याव्यात आणि कार्यालय, आचारी व स्वतः गुरुजी हे तिघेही ज्या दिवशी मोकळे आहेत तोच दिवस पक्का करावा. दाट तिथीला गुरुजींकडे एकाच दिवशी दोन-तीन लग्ने असतात, पहिल्याच ठिकाणी वरात रेंगाळते आणि त्याचा फटका पुढच्या मांडवाला बसतो. तुमचे लग्न त्या दिवशीचे कितवे, हे संकोच न करता विचारावे.

चातुर्मासात, अधिक महिन्यात आणि गुरू-शुक्राच्या अस्तात नेहमीचे मुहूर्त धरत नाहीत. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे एरवी मे महिन्यावर विसंबणाऱ्या घरांना त्या वर्षी एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा यांत दाटी करावी लागते. जानेवारीत लग्न धरणाऱ्यांनी गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, दिवस लक्षात ठेवावेत. या यात्रेत अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि होम प्रदीपन हे विधी मकरसंक्रांतीच्या सुमारास ओळीने येतात, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे जुन्या पेठांतली वाहतूक वळवली जाते आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना उतरायला खोल्या मिळणे कठीण होते.

पाणी आणि ऊन यांचा हिशेब न करणे

इथे चूक झाली तर ती झाकता येत नाही. सोलापूरची मोठी लग्नसराई एप्रिल-मेमध्ये येते, त्या दिवसांत पारा चाळिशीच्या वर असतो, शहराची भिस्त मुख्यतः उजनीच्या पाण्यावर असते आणि नळाला रोज पाणी येत नाही. तरीही कार्यालय पाहायला गेलेली मंडळी व्यासपीठ, खुर्च्या आणि वधूपक्षाच्या खोलीतला एसी पाहून परत येतात. टाकी किती लिटरची आहे, बोअर उन्हाळ्यात चालतो का आणि टँकर आत वळतो का, हे क्वचितच कोणी विचारते.

पिण्याच्या पाण्याचे गणित सोपे आहे. ५०० माणसे आणि माणशी दीड लिटर धरले तर ७५० लिटर होतात, म्हणजे २० लिटरचे ३८ जार; त्यांत स्वयंपाकाचे, सरबताचे आणि मठ्ठ्याचे पाणी आलेले नाही, आणि हळदीच्या रात्रीचे तर मुळीच नाही. जारवाल्याला नुसते ‘कमी पडू देऊ नका’ असे न सांगता आकडा सांगावा, निम्मे जार सकाळी आणि निम्मे अक्षतांच्या तासभर आधी मागवावेत आणि दहा जार कुलपाच्या खोलीत राखून ठेवावेत. वापराच्या पाण्याची गोष्ट वेगळी. आदल्या दिवशीच्या लग्नाने टाकी तळाला गेलेली असते आणि ‘भरून ठेवतो’ हे व्यवस्थापकाचे शब्द तिथेच राहतात. घरातल्या एका माणसाने, शक्यतो ज्याला फोटोत यायची हौस नाही अशा मामाने किंवा मावसभावाने, आदल्या संध्याकाळी शिडीने वर जाऊन टाकीचे झाकण उघडून पाहावे, काठी घालून पाणी किती खोल आहे ते बघावे आणि गरज वाटल्यास त्याच वेळी टँकर सांगावा. सकाळी सांगितलेला टँकर दाट तिथीला दुपारी येतो, आणि तोवर हात धुवायच्या जागी रांग लागलेली असते.

भर दुपारचा मुहूर्त असेल तर वरात कमी अंतराची ठेवावी. कार्यालयाजवळच्या मारुतीपासून निघालेल्या वरातीने मानात काही उणे येत नाही. संध्याकाळी वरात काढणाऱ्यांनी पोलिसांची परवानगी आधी घ्यावी आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे हे बँडवाल्याला आणि नवरदेवाच्या मित्रांनाही आधीच सांगून ठेवावे. जेवणात दुधाचे पदार्थ जपून निवडावेत. पहाटे आटवलेली बासुंदी मांडवाच्या उष्णतेत दुपारी तीनपर्यंत ठेवणे म्हणजे पाहुण्यांच्या पोटाशी खेळ आहे. त्यापेक्षा गरम वाढली जाणारी हुग्गी (गव्हाची खीर) किंवा बुंदी कधीही बरी, आणि आमच्याकडच्या पंगतीत हुग्गीवर तुपाची धार पडली की दुसऱ्या गोडाची कोणी चौकशीही करत नाही. आचाऱ्याला आकडा देताना माणसे मोजून द्यावी, पण रक्कम पानांवर ठरवली असेल तर मोजणी कोण करणार आणि वाढपी, वादक, वाहनचालक यांची पाने त्यात धरायची का, हेही बोलून घ्यावे. शेवटच्या दिवशीचे भांडण नेमके याच पानांवरून होते.

याद तोंडी ठेवणे आणि दोन रीती गृहीत धरणे

याद करताना ‘आपल्यात काय लिहायचे’ असे म्हणून जे तोंडी ठेवले जाते, तेच पुढे मानपानाचे रुसवे होऊन उभे राहते. खर्च कोणी कोणता उचलायचा, बस्ता कोणाचा, कार्यालयाचे भाडे निम्मे-निम्मे की कसे, हे दोन्ही बाजूंनी लिहून घ्यावे. मात्र याद करण्याच्या नावाखाली हुंडा ठरत असेल तर तो चुकीच्या नियोजनाचा विषय राहत नाही : १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. स्वखुशीने दिलेल्या भेटवस्तूंची, वधू-वरांच्या सह्या असलेली यादी ठेवण्याची तरतूद १९८५ च्या नियमांत आहे, ती यादी मात्र जरूर करावी.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात, त्यामुळे दोन रीतींची लग्ने नवी नाहीत. चूक होते ती ‘विधी काय, सगळीकडे सारखेच’ असे धरल्याने. मराठी लग्नात मंगलाष्टका संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण मुख्य. तेलुगू घरांत वधू-वरांनी एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवण्याचा क्षण मुहूर्ताचा असतो. पुष्कळ लिंगायत घरांत विधी जंगम स्वामी करतात आणि होम नसतो. दोन्हीकडच्या पुरोहितांची महिनाभर आधी एकत्र गाठ घालून द्यावी आणि विधींचा क्रम व साहित्याची यादी एकाच कागदावर घ्यावी. त्या कागदाची प्रत फोटोग्राफरलाही द्यावी, नाहीतर जिरे-गुळाच्या वेळी तो जेवणाच्या पंगतीचे फोटो काढत असतो.

बस्ता आणि दागिने

बस्ता लवकर बांधला तरी ब्लाउजचे शिवणे लग्नसराईत अडकते. नवी पेठ, टिळक चौकाकडे साड्यांची खरेदी उत्साहाने होते आणि शिंप्याकडे कापड आठवडाभराने पोहोचते. साडी घेतली त्याच दिवशी माप द्यावे आणि तारीख लग्नाची न सांगता हळदीच्या दहा दिवस आधीची सांगावी. मानाच्या साड्यांचे नावनिशीवार गठ्ठे घरी आणल्याबरोबर बांधावेत. दागिन्यांवर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक आहे का, हे पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांसाठी तो सक्तीचा आहे आणि बीआयएस केअर या अ‍ॅपवर ताडून पाहता येतो. घडणावळ टक्क्यांत की ग्रॅमवर, हे बिलात वेगळे लिहून घ्यावे.

बाहेरगावच्या पाहुण्यांचा प्रवास

पुण्या-मुंबईची मंडळी ‘सकाळच्या गाडीने येऊ’ म्हणतात, पण हुतात्मा आणि वंदे भारत या दोन्ही गाड्या सकाळी सोलापुरातून निघतात आणि रात्री सोलापूरला पोहोचतात. म्हणजे दुपारच्या अक्षतांसाठी या गाड्यांनी येणारा पाहुणा आदल्या रात्रीच येणार, त्याच्या मुक्कामाची खोली आणि बहुधा रात्रीचे जेवणही तुमच्याकडे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. पत्रिका त्यानंतर पडणार असेल तर तारीख फोनवर आधीच कळवावी. दुसऱ्या दिवशी तुळजापूर-अक्कलकोट करून जाणारेही पुष्कळ असतात, त्यांची गाडी कोण ठरवणार हे आधी विचारले म्हणजे नवरदेवाच्या वडिलांना पूजेच्या पाटावरून फोन घ्यावे लागत नाहीत.

विवाह नोंदणी मागे ठेवणे

लग्नाचे कागद ही तयारीच्या महिन्यांत करायची गोष्ट आहे. वधूचे १८ आणि वराचे २१ पूर्ण असल्याचे दाखले, रहिवासाचे पुरावे आणि सगळ्या कागदांवर सारखे असलेले नाव आधीच तपासावे. नावातली एक वेलांटी वेगळी असली तरी पुढे पासपोर्टला अडते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असेल तर दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवसांचे वास्तव्य लागते आणि नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते, म्हणून मुहूर्त त्या हिशेबाने धरावा. धार्मिक पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंद १९९८ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार ९० दिवसांत करायची असते, शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे. उशीर झाल्यास दंड भरावा लागतो. नमुना ड या नोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही लागते. ती मांडवातच, दक्षिणा देतानाच घ्यावी. शिवाय तीन साक्षीदारांना नोंदणीच्या वेळी प्रत्यक्ष यावे लागते. तेव्हा साक्षीदार म्हणून पुण्याला नोकरी करणारे मित्र न धरता सोलापुरातच राहणारे काका, मामा किंवा शेजारी धरावेत आणि पत्रिकेच्या दोन प्रती त्या कागदांबरोबर बाजूला काढून ठेवाव्यात, कारण वाटप संपल्यावर घरात एकही पत्रिका शिल्लक राहत नाही.