उन्हातला माणूस कसा रंगवावा: हॉथॉर्नची पद्धत आणि तलावपाळीचा कट्टा

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या दिवसांपासून आपण चित्रांचे प्रकार परीक्षेच्या पेपरांप्रमाणे वेगवेगळे ठेवायला शिकतो. त्यामुळे ठाण्यात रविवारी सकाळी तलावपाळीवर रंग घेऊन बसणारे बहुतेक जण पाणी, झाडे आणि देऊळ रंगवतात. कट्ट्यावर बसलेली माणसे शेवटी, जागा उरली तर, चार काळ्या फटकाऱ्यांत उरकली जातात. व्यक्तिचित्र घरी, फोटोवरून. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत अमेरिकेतील काही चित्रकारांनी माणूस आणि निसर्ग एकाच उजेडात, एकाच रीतीने रंगवण्याची जी सवय लावून घेतली, ती आपल्याला येथे फार उपयोगी पडते. तिची सर्वांत सोपी वाट चार्ल्स हॉथॉर्न याने घालून दिली आहे, म्हणून हे मार्गदर्शन मुख्यतः त्याच्या पद्धतीवर बेतले आहे.

हॉथॉर्नने १८९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील प्रोव्हिन्सटाउन या मासेमारीच्या गावी उन्हाळी चित्रशाळा काढली आणि १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती चालवली. तो मॉडेलला समुद्रकिनारी भर उन्हात बसवी, बहुधा डोक्यावर टोपी किंवा छत्री देऊन, आणि विद्यार्थ्यांच्या हातातून बारीक ब्रश काढून घेऊन पुट्टी मारायची पट्टी देई. पट्टीने पापण्या काढता येत नाहीत, यातच त्या युक्तीचे सारे मर्म आहे. नाक, डोळे, ओठ यांच्या नादी न लागता, सावलीतला अख्खा चेहरा हा रंगाचा एक डाग, खांद्यावरचे ऊन हा दुसरा डाग आणि मागची वाळू हा तिसरा, एवढेच विद्यार्थ्याने शेजारी शेजारी बसवायचे. या अभ्यासांतील चेहरे चिखलाच्या गोळ्यांसारखे दिसत, म्हणून त्यांना ‘मडहेड’ असे नाव पडले. नाव थट्टेचे असले तरी डाग बरोबर पडले की दहा पावलांवरून त्या गोळ्यात माणूस दिसतो.

प्रत्यक्ष कामासाठी साधारण १० बाय १२ इंचांचे हार्डबोर्डचे तुकडे दोन्ही बाजूंना जेसो (रंगाखाली लावायचे पांढरे अस्तर) लावून तयार ठेवावेत. आपल्याकडील दमट हवेत एकाच बाजूला लावला तर बोर्ड वाकतो. जेसो पांढराशुभ्र न ठेवता त्यावर आदल्या दिवशी पातळ करड्या रंगाचा हात मारावा, नाहीतर उन्हात बोर्डच डोळ्यांवर येतो. तैलरंगांत टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, एक तांबडा, क्रिमसन, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन आणि बर्न्ट सिएना एवढे पुरेत. काळा रंग घरी ठेवावा. ‘स्किन टिंट’ अशा नावाची तयार ट्यूब मिळते, तीही घरीच ठेवावी किंवा घेऊच नये. टायटॅनियम व्हाइट फार जोरकस आणि थंड असतो, त्या पिढीच्या हातातला शिशाचा पांढरा तसा नव्हता. त्यामुळे आपल्याला तो नेहमी वाटतो त्याहून कमी घालावा लागतो.

जागा निवडताना एकच गोष्ट सांभाळावी: मॉडेल उन्हात आणि बोर्ड सावलीत. दोन्ही उन्हात असतील तर चित्र घरी आल्यावर काळवंडलेले निघते. छत्री वापरायची तर काळी किंवा पांढरी घ्यावी, कारण रंगीत छत्री आपला रंग बोर्डावर सांडते. थंडीच्या दिवसांत सकाळी आठ ते साडेनऊ ही वेळ उत्तम. तीतही एका बोर्डाला पाऊण तासापेक्षा जास्त वेळ देऊ नये, कारण तोपर्यंत सावल्या सरकलेल्या असतात आणि आपण दोन वेगवेगळ्या सकाळी एकाच बोर्डावर रंगवू लागतो.

पहिल्यांदा मी मावशीला कट्ट्यावर बसवले होते, ऊन पाठीमागून आणि डोक्यावर सुती पदर. अर्ध्या तासाने ती उठून बघायला आली.

“अगं, माझं नाक कुठाय?”

“नाक नंतर येईल, मावशी. आधी ऊन येऊ दे.”

खरे तर त्या दिवशी ऊनही आले नाही, कारण मी तिच्या चेहऱ्याची सावली सवयीने बर्न्ट सिएनात थोडा निळा घालून केली होती आणि ती मेलेली दिसत होती. पुढच्या खेपेस नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की पदराखालच्या त्या सावलीत दोन रंग होते. हनुवटीच्या आणि गालाच्या खालच्या बाजूला कट्ट्याच्या तापलेल्या दगडावरून उठलेला नारिंगी उजेड होता, तर कपाळाच्या वळणावर आकाशाचा निळसर-जांभळा. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर हा निळसरपणा गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक ठळक दिसतो, आणि हॉथॉर्नच्या मॉडेलांवरून नव्हे तर आपल्याच माणसांवरून तो शिकावा लागतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी उन्हातल्या आणि सावलीतल्या भागांची सीमा पातळ रंगाने आखावी, मग सर्वांत मोठा डाग, म्हणजे बहुधा मागचे पाणी, पट्टीने भरावा, त्याच्या तुलनेत कपड्यांचा डाग ठरवावा, आणि चेहरा सर्वांत शेवटी, दोन किंवा तीनच डागांत. प्रत्येक डाग ठेवताना ‘हा काय आहे’ असे न विचारता ‘हा शेजारच्यापेक्षा उबदार की थंड, गडद की फिका’ असे विचारावे. चुकलेला डाग ब्रशने घोळवत बसण्यापेक्षा पट्टीने खरवडून पुन्हा ठेवावा.

मॉडेल मिळत नसेल तर हॉथॉर्नचा सहायक हेन्री हेन्शे पुढे आपल्या विद्यार्थ्यांकडून जे करून घेई ते गॅलरीत करता येते. तो रंगवलेले लाकडी ठोकळे उन्हात मांडून रंगवायला लावी. ठोकळ्याला नाक नसते, त्यामुळे मोह होत नाही.

पार्श्वभूमीच्या निसर्गासाठी वुडस्टॉक येथे निसर्गचित्रण शिकवणाऱ्या जॉन कार्लसनचा एक नियम पाठ करावा. त्याच्या मते उजेड वरून येत असल्यामुळे आकाश सर्वांत फिके, सपाट जमीन त्याखालोखाल, डोंगराचे उतार त्याहून गडद आणि उभी झाडे सर्वांत गडद असतात. तलावपाळीपेक्षा येऊरच्या पायथ्याशी हा नियम चांगला पडताळता येतो. मात्र तो डोळे मिटून लावू नये. बर्फात जमीन आकाशाहून फिकी होते हे अमेरिकन चित्रकारांना ठाऊकच होते. आपल्याकडे वाशीच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी ओला चिखल जवळजवळ आकाशाइतका उजळतो आणि त्यालगतची तिवरे एकदम काळपट दिसतात. घोडबंदर रस्त्यावरचे काचेचे टॉवर तर उभे असूनही आकाशच दाखवतात. नियमातून जे सुटते तेच त्या जागेचे वैशिष्ट्य असते, म्हणून मी ते आधी शोधते.

गर्दीची माणसे रंगवायची असतील तर जॉर्ज बेलोजचे १९०७ मधील ‘फोर्टी-टू किड्स’ पाहावे. ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीवर मोडक्या धक्क्यावरून उड्या मारणारी पोरे त्यात आहेत आणि पाणी जवळजवळ काळे आहे. फोनवर ते चित्र कृष्णधवल करून पाहिले की कळते, प्रत्येक पोर म्हणजे काळोखावरचा एक फिका फटकारा आहे आणि त्या फटकाऱ्याची दिशाच शरीराची हालचाल सांगते. बेलोज हा रॉबर्ट हेन्रीचा विद्यार्थी. हेन्री आणि त्याच्या भोवतीचे सात अशा आठ चित्रकारांचे प्रदर्शन फेब्रुवारी १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत झाले, तेव्हा रस्त्यावरची साधी माणसे चित्रविषय ठरू शकतात यावरच बरीच टीका झाली होती. तलावपाळीवर रांगेत ताटकळणारी कुटुंबे याच नजरेने टिपावीत: चेहरे सोडून द्यावेत, उभे राहण्याची ढब घ्यावी, आणि एका बोर्डावर दहापेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत.

राहिला प्रश्न ओला बोर्ड घरी नेण्याचा. एकदा ठाणे-वाशी लोकलमध्ये माझ्या बोर्डावरची अर्धी सकाळ एका सहप्रवाशाच्या पांढऱ्या शर्टावर उतरली आणि तुर्भ्यापर्यंत मी माफी मागत होते. तेव्हापासून मी सारख्या आकाराचे दोन बोर्ड समोरासमोर धरते, चारही कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचा पातळ काप ठेवते आणि कडांवर मास्किंग टेप लावते. घरी आल्यावर टेप लगेच काढावी, बोर्ड पंख्याखाली नव्हे तर उजेडाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवावेत, आणि पावसाळ्यात जाड लावलेला पांढरा आठ-दहा दिवस तरी बोटाला लागेल हे गृहीत धरावे.