मृग निघायच्या आत पिशव्या निवडा: वाजणारी कुठं, न वाजणारी कुठं

रोहिणी नक्षत्र लागलं की बेळगावजवळच्या येळ्ळूर, कडोली, उचगावपासून खानापूरपर्यंत एकच धावपळ सुरू होते. कुरीनं भाताची धूळवाफ पेरणी करायची, सोयाबीनचं बी माडीवरून खाली काढायचं, खताची पोती पावसाआधी घरात घ्यायची. या धावपळीत बी कशात भरलंय याकडं कुणाचं लक्ष नसतं. खुंटीला अडकवलेली, आढ्यात खोचलेली, हाताला लागेल ती पिशवी घेतली जाते. ऑक्टोबरपासून जपलेलं बी शेवटच्या तीन आठवड्यांत हमखास इथंच बिघडतं. म्हणून एक दुपार मोकळी काढा आणि घरातल्या सगळ्या पिशव्या, पोती, कागद अंगणात आणून टाका.

आता एकेक पिशवी कानाजवळ धरून चुरगाळा. काही पिशव्या चुरचुर वाजतील, काही अगदी गप्प राहतील. कान बसायला घरातलेच दोन नमुने पुरतात. दुधाची पिशवी गप्प असते, बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजतो. या आवाजावरून तिचं प्लॅस्टिक कुठलं हे बऱ्यापैकी कळतं, आणि ते कळलं की तिच्यात काय ठेवायचं तेही ठरतं.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पिशव्या पॉलिथिनच्या असतात, पण पॉलिथिन एका जातीचं नाही. तळाशी त्रिकोणात आकडा छापलेला असेल तर बघा. २ म्हणजे एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिन), ४ म्हणजे एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिन), ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, हे वेगळंच प्लॅस्टिक. एचडीपीईचे रेणू लांब आणि सरळ असतात. भाताच्या काडाची पेंढी बांधली की काडं कशी एकमेकांना घट्ट चिकटून बसतात, तसे ते रचले जातात. एलडीपीईच्या रेणूंना जागोजागी फांद्या फुटलेल्या असतात. बाभळीच्या फांद्यांचा भारा कितीही आवळला तरी आत पोकळी राहतेच, तसंच त्यांचं होतं. म्हणून एचडीपीई कडक आणि एलडीपीई मऊ. ही कडक जात बऱ्याच उशिरा आली. साधं पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये सापडलं, तर कार्ल झीग्लर यांनी जर्मनीत १९५३ साली कमी दाबावर सरळ साखळीचं पॉलिथिन करण्याची रीत शोधली. पुढच्याच वर्षी इटलीच्या जुलिओ नाट्टा यांनी त्याच वाटेनं पॉलिप्रॉपिलिन केलं. आपली खताची विणलेली पोती बहुतेक याच पॉलिप्रॉपिलिनच्या पट्ट्यांची असतात. दोघांना मिळून १९६३ चं नोबेल मिळालं.

कडक पिशवीच का वाजते? तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं बूड अंगठ्यानं दाबून बघा. टक् करून आत जातं, सोडलं की टक् करून बाहेर येतं. मधल्यामध्ये ते थांबतच नाही. चुरगाळलेल्या कडक पिशवीवर अशा शेकडो बारीक बुडांचं जाळं पडलेलं असतं. पिशवी हलली की प्रत्येक घडी एका आकारातून दुसऱ्या आकारात एकदम उडी घेते, आणि दर उडीला एक टिचकी वाजते. त्या सगळ्या टिचक्या मिळून आपल्याला चुरचुर ऐकू येते. अमेरिकेतल्या एरिक क्रेमर आणि अलेक्झांडर लोबकोव्स्की या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी १९९६ साली या टिचक्या मोजून दाखवल्या होत्या. पिशवी हळू उघडल्यानं टिचकी बारीक होत नाही, फक्त दोन टिचक्यांमधलं अंतर वाढतं. कीर्तनात चुरमुऱ्याची पुडी कितीही जपून सोडली तरी चारचौघांच्या माना वळतात त्या यामुळंच. मऊ एलडीपीई मात्र उडी न मारता नुसतं वाकतं, म्हणून गप्प राहतं.

आता कामाचं. वाजणारी आणि गप्प अशा दोन सारख्याच जाडीच्या पिशव्या घेतल्या तर वाजणाऱ्या पिशवीतून हवेतली ओल कमी शिरते, कारण तिचे रेणू दाटीनं बसलेले असतात. पण तिचा दोष मोठा आहे. घडीवर घडी पडली की तिथं सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, आणि एकदा चीर गेली की ती सरळ बुडापर्यंत जाते. गप्प पिशवी ताणली जाते, पण सहसा टरकत नाही. म्हणून कोथिंबीर, मेथी, मिरची असं थोडकं बी दुहेरी वाजणाऱ्या पिशवीत बांधून डब्यात ठेवलं तर चालतं. पोत्यानं भरायच्या बियाला मात्र आत जाड, गप्प प्लॅस्टिकचा कागद आणि बाहेर विणलेलं पोतं अशीच जोडी हवी. बेळगावच्या रविवार पेठेत बारदान घ्यायला गेलात तर आतला कागद दोन बोटांत धरून ताणून बघा. ताणला जाऊन पांढुरका झाला आणि फाटला नाही, तरच घ्या.

एक खूण विशेष लक्षात ठेवा. जी पिशवी नवी असताना गप्प होती ती यंदा वाजायला लागली असेल, तर तिला उन्हानं खाल्लंय. तिच्यात बी भरू नका. विणलेल्या पोत्याचंही तसंच असतं. हाताला पांढरी भुकटी लागली आणि नखानं ओढल्यावर पट्टी तुटली, की ते पोतं संपलं असं समजा.

पण पिशवी चांगली असून भागत नाही. दोन वर्षांमागं आमच्याच घरात झालं ते सांगतो. वळवाचा पाऊस येणार म्हणून आम्ही अंगणातलं सोयाबीनचं बी भर दुपारी, ऊन ऊन असतानाच आतल्या कागदाच्या पोत्यात भरलं आणि तोंड सुतळीनं करकचून आवळलं. मे संपताना पोतं सोडलं तर कागदाला आतून थेंब धरलेले. हात घातला तर बी कोमट लागलं, आणि आंबूस वास नाकात गेला. शंभर दाणे घालून बघितले तर एकेचाळीसच उगवले. पिशवीचा काहीच दोष नव्हता. न वाजणारा, जाड, उत्तम कागद होता तो. त्यानं बाहेरची ओल आत येऊ दिली नाही, तशी आतलीही बाहेर जाऊ दिली नाही. आमच्या आजोबांच्या शेणामातीनं सारवलेल्या कणगीत असं झालं नसतं, कारण कणगीला हवा लागते, तरटालाही लागते. प्लॅस्टिकला लागत नाही.

म्हणून कागदात भरायच्या आधी बियाचाही आवाज ऐका. भाताचा दाणा दाताखाली धरा. कट् करून तुटला तर वाळलेला आहे, दबला तर नाही. आणखी एक उपाय घरच्या घरी होतो. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर बी आणि चमचाभर कोरडं मीठ घालून झाकण लावा, चांगलं हलवा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, त्या बियाला कागद दाखवूसुद्धा नका. मीठ चिकटलं नाही म्हणून लगेच भरू नका, कारण सोयाबीन १२ टक्क्यांच्या आत आणि भात १३ च्या आत यायला हवं. सोयाबीन सकाळच्या कोवळ्या उन्हात पसरा, दुपारच्या कडक उन्हात नको. त्याचं साल पातळ असतं, लगेच तडकतं. वाळलं की सावलीत पूर्ण निवू द्या, मगच भरा. वाळवायला वेळच उरला नसेल तर सरळ तरटाच्या पोत्यात घाला, फळीवर ठेवा आणि तेच बी सगळ्यांत आधी पेरा. पोती जमिनीवर आपटू नका. सोयाबीनचा अंकुर सालाच्या अगदी लगत असतो, एका आदळण्यानं तो मोडतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

युरियाचं पोतं फोडलं की आतल्या कागदाचं तोंड पिळून बांधा, नाहीतर मृगाच्या पहिल्या झडीतच ढेकळं होतात. खत आणि बी एका खोलीत नको. औषध लावलेल्या बियाची रिकामी पिशवी कितीही धुतली तरी तिच्यात धान्य किंवा पीठ भरायचं नाही, आणि खताच्या पोत्यात खायचं तांदूळही नको.

खानापूर, चंदगडच्या डोंगरी भागात काजूची कलमं लावणाऱ्यांनी रोपाची काळी पिशवी ब्लेडनं उभी चिरून पूर्ण काढावी. ती मऊ असते म्हणून मातीत कुजेल असं कित्येकांना वाटतं. ती कुजत नाही, मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात. कलमाच्या सांध्यावरची पट्टीही वेळेत सोडा, नाहीतर खोड वाढताना ती गळफास होते.

फाटक्या पिशव्यांबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. बांधावर टाकलेली पिशवी उन्हानं तुकडे तुकडे होते, ते तुकडे वैरणीत येतात. खरकट्याचा, मिठाचा वास असलेली पिशवी गाय-म्हैस अख्खी गिळते. ती पचतही नाही, बाहेरही पडत नाही, पोटात गोळा होत जातो आणि जनावर चाऱ्यावरून तोंड फिरवायला लागतं. मग पोट चिरून काढण्याशिवाय इलाज उरत नाही. उरलेल्या पिशव्या वाहत जाऊन बळ्ळारी नाल्यात तुंबतात, आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातलं भात किती दिवस पाण्याखाली राहतं हे ज्याचं त्याला ठाऊक आहे. चुलीत किंवा बांधावर जाळणं हाही मार्ग नाही. पाण्यात बुडणारा प्लॅस्टिकचा तुकडा पीव्हीसीचा असू शकतो, आणि तो जळला की धुरातून आम्ल निघतं. तरंगणारं पॉलिथिन जाळलं तरी तो धूर घरातल्या पोरांच्याच छातीत जातो. सगळं एका पोत्यात भरून भंगारवाल्याला द्या.

कर्नाटकात कॅरीबॅगवर मार्च २०१६ पासून बंदी आहे, महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून. देशभराचा नियम १२० मायक्रॉन जाडीच्या आतली कॅरीबॅग चालणार नाही असा ३१ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यामुळं गडहिंग्लज असो की निपाणी, बाजाराला जाताना कापडी पिशवी घेऊनच निघा.

राहिलं उगवणीचं. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून आणलेलं असो की घरचं, प्रत्येक पोत्याच्या वरचे, मधले आणि तळाचे दाणे मिसळून त्यातले शंभर मोजा. ओल्या तरटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सोयाबीनचे सत्तर उगवले तर एकरी ३० किलो बी पुरतं. साठच आले तर ३५ किलो धरा. त्याहून कमी आले तर ते बी शेतात नेऊ नका. आज गुंडाळलं तर आठवड्याभरात आकडा हातात येईल, आणि दुसरं बी आणायला मृगाआधी अजून वेळ राहील.