निवाडा कोणाचा? शास्त्र आणि परंपरा यांविषयीचा कॅथलिक-प्रोटेस्टंट वाद कसा वाचावा

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या वादाविषयीचे लेखन हाती घेताना ‘एक पंथ बायबल मानतो, दुसरा परंपरा मानतो’ असे समीकरण बहुतेकांच्या मनात आधीपासून असते, आणि वाचनाची दिशा तिथेच चुकते. बायबल हे देववचन आहे याबद्दल दोघांचे दुमत नाही. आणि नायसियाचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जुनी ठरीव घोषणा, कॅथलिक मिस्सा या उपासनेप्रमाणे ल्यूथरपंथीय उपासनेतही म्हटला जात असल्याने परंपरेचे वावडे प्रोटेस्टंटांना आहे, असेही म्हणता येत नाही. म्हणून समोरच्या प्रत्येक विधानाला पहिला प्रश्न असा विचारावा, की शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अर्थाबद्दल मतभेद झाला तर अखेरचा निवाडा कोणी करायचा?

हा प्रश्न उघड कसा झाला हे पाहण्यासाठी १५१९ सालच्या लाइपझिगच्या वादसभेपासून सुरुवात करावी. तिथे योहान एक या कॅथलिक धर्मपंडिताने प्रोटेस्टंट चळवळीचा जनक मार्टिन ल्यूथर याला अशा कोपऱ्यात गाठले, की चर्चच्या सर्वसाधारण परिषदाही (साऱ्या चर्चच्या वतीने भरणाऱ्या बिशपांच्या सभा) चुकू शकतात असे त्याला बोलावे लागले. दोन वर्षांनी वर्म्स येथे सम्राटापुढे ल्यूथरने तीच भूमिका घेतली: शास्त्रवचनांनी किंवा स्पष्ट युक्तिवादाने आपली चूक दाखवली जात नाही तोवर माघार नाही, कारण पोप आणि परिषदा यांनी वारंवार चुका केल्या आहेत. ‘केवळ शास्त्र’ या घोषणेचा अर्थ इथे नेमका कळतो. परिषदा, पूर्वाचार्य, विश्वासांगीकार यांचा मान राखायचा, परंतु त्यांना शास्त्राच्या कसोटीवर घासून घ्यायचे.

यानंतर कॅथलिक उत्तर मूळ ठरावाच्या शब्दांतून वाचावे, विरोधकांनी केलेल्या सारांशातून नव्हे. ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी असे ठरवले, की तारणाचे सत्य लिखित ग्रंथांत आणि प्रेषितांपासून चालत आलेल्या अलिखित परंपरांत आहे, आणि दोहोंचा स्वीकार सारख्याच भक्तिभावाने व आदराने करावा. मसुद्यात ‘काही अंशी ग्रंथांत, काही अंशी परंपरांत’ अशी रचना होती. ती काढून नुसते ‘आणि’ ठेवले गेले. या एका अव्ययावर धर्मपंडितांनी पुढे पुष्कळ शाई खर्च केली आहे, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही, कारण परंपरेत शास्त्राबाहेरचे काही सत्य आहे की शास्त्रातलेच सत्य वेगळ्या वाटेने येते, हा प्रश्न त्यामुळे खुला राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५ चा दस्तऐवज शास्त्र आणि परंपरा यांचा उगम एकच मानतो आणि अधिकृत अर्थनिर्णयाचे काम चर्चच्या शिक्षणाधिकाराकडे सोपवतो. मात्र हा अधिकार देववचनाच्या वर नसून त्याचा सेवक आहे, असेही तो बजावतो.

मराठी वाचकाला इथे श्रुती आणि स्मृती यांची उपमा सुचणे साहजिक आहे, पण ती जपून वापरावी. श्रुती-स्मृतींचा विरोध आला तर श्रुती बलवत्तर, हा आपल्याकडचा नियम प्रोटेस्टंट भूमिकेच्या अधिक जवळ जातो. कॅथलिक भूमिकेत असा खराखुरा विरोध संभवतच नाही.

पुढची पायरी म्हणजे हातातल्या बायबलची अनुक्रमणिका उघडणे. ६६ पुस्तके असतील तर प्रत प्रोटेस्टंट परंपरेतली, ७३ असतील तर कॅथलिक. जादा सातांपैकी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचा उल्लेख आहे, त्यामुळे ही निव्वळ यादीची बाब राहत नाही. कॅथलिक बाजूचा सर्वांत धारदार प्रश्न मला इथेच दिसतो: यादी शास्त्रात दिलेली नसेल, तर ती ठरवली कोणी? प्रोटेस्टंट उत्तर असे, की चर्चने शास्त्राला अधिकार दिला नाही, असलेला ओळखला.

वचनांचे दाखले तपासताना दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत. मार्क ७:८ मध्ये येशू ज्या मानवी परंपरेवर टीका करतो आणि २ थेस्सलनीकाकर २:१५ मध्ये तोंडी किंवा पत्राने मिळालेले जे घट्ट धरून राहण्यास सांगितले आहे, त्या दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक शब्द ‘पारादोसिस’ हाच आहे. काही भाषांतरांत पहिल्या ठिकाणी ‘परंपरा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘शिकवण’ अशा अर्थाचे शब्द येतात; मग पुरावा कोणाच्या पारड्यात पडतो, ते अनुवादकच ठरवून मोकळा होतो.

शेवटी बालबाप्तिस्म्यावर, म्हणजे तान्ह्या मुलांना दिल्या जाणाऱ्या बाप्तिस्म्यावर, हे सारे लावून पाहावे. १५२५ मध्ये झुरिकमधील काही सुधारकांनी, शास्त्रात तशी आज्ञा नाही म्हणून, प्रौढांचा पुन्हा बाप्तिस्मा केला. ल्यूथर आणि झुरिकचा प्रमुख सुधारक झ्विंग्ली या दोघांनीही बालबाप्तिस्म्याची बाजू घेतली. तिन्ही पक्षांच्या हाती तेच शास्त्र होते.