आयशा: अरबी नावाचा अर्थ, इतिहास आणि लोकप्रियता कशी तपासावी

नावांच्या याद्यांत ‘आयशा’पुढे ‘जिवंत’, ‘सुखी’, ‘समृद्ध’, क्वचित ‘राजकन्या’ असंही लिहिलेलं सापडतं. यातलं खरं कोणतं, हे तासाभरात स्वतः तपासता येतं. इथे आयशा हे नाव उदाहरणाला घेतलं आहे, पण हीच रीत बहुतेक अरबी नावांना लागू पडते.

सगळ्यात आधी नावाचं अरबी लिपीतलं लेखन मिळवा. देवनागरीत किंवा रोमनमध्ये वेगवेगळी अरबी अक्षरं एकसारखी दिसू लागतात आणि निम्म्या चुका तिथेच होतात. ‘सना’ सीन या अक्षराने लिहिलं तर अर्थ तेज किंवा थोरवी. ‘थ’सारख्या उच्चाराच्या अक्षराने लिहिलं तर स्तुती. ‘आसिया’चं उदाहरण याहून बोलकं आहे. अलिफ आणि सीनने लिहिलेली आसिया म्हणजे इस्लामी परंपरेत इजिप्तचा राजा फेरो याची पुण्यशील पत्नी. ऐन आणि सादने लिहिलेल्या नावाचा अर्थ मात्र ‘आज्ञा मोडणारी’, आणि पैगंबरांनी या नावाच्या एका स्त्रीचं नाव बदलून जमीला ठेवल्याची हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात आहे.

आता धातू, म्हणजे शब्दाची मूळ अक्षरं (बहुधा तीन), काढा. आयशाची अक्षरं अशी: ऐन, अलिफ, हमझा, शीन, ता मरबूता. शेवटची ता मरबूता स्त्रीलिंगाची खूण, म्हणून ती वगळा. अलिफही वगळा, कारण तो ‘फाइल’ या शब्दघडणीच्या साच्यातला दीर्घ स्वर आहे. हा साचा ‘करणारा’ असा अर्थ देतो. उरले ऐन, हमझा, शीन. नवखा माणूस इथे अडतो: हमझा धरून कोश उघडला तर नाव सापडत नाही. नियम असा, की धातूचं मधलं अक्षर ‘वाव’ किंवा ‘या’ असेल तर या साच्यात त्याचा हमझा होतो. फायझामागे फे-वाव-झे (यशस्वी होणे), नायलामागे नून-या-लाम (मिळवणे). तसाच आयशाचा धातू ऐन-या-शीन, म्हणजे जगणे. आयशा म्हणजे ‘जगणारी, जिवंत’.

मग ‘सुखी, समृद्ध’ कुठून आलं? याच धातूच्या ‘ऐश’ शब्दाला जीवनाबरोबर उपजीविका, राहणीमान अशाही छटा आहेत. मराठीतला ऐषआराम फारसीमार्गे तिथूनच आला, आणि इजिप्तमध्ये तर भाकरीलाच ‘ऐश’ म्हणतात. त्यामुळे ‘सुखाने जगणारी’ हा अर्थविस्तार चालेल. ‘राजकन्या’ला काहीच आधार नाही. ‘आयुष्य’शी जुळणारा आवाजही निव्वळ योगायोग, तो शब्द संस्कृतातला.

कोशात पडताळताना मांडणी आधी पाहा. हान्स वेर आणि लेन यांचे अरबी-इंग्रजी कोश धातूच्या पहिल्या अक्षराने लावलेले आहेत, म्हणून ऐनखाली शोधा. इब्न मंझूरचा ‘लिसान अल-अरब’ हा जुना अरबी कोश मूळ मांडणीत शेवटच्या अक्षराने लावलेला आहे, तिथे शीनचं प्रकरण उघडावं लागतं. हे ठाऊक नसलेले लोक ‘शब्दच नाही’ असं ठरवून मोकळे होतात.

इतिहास तपासताना ‘कुराणातलं नाव’ हा दावा आधी बाजूला काढा. कुराणात नावाने उल्लेख झालेली स्त्री एकच: मरियम. आयशा हे नाव तिथे नाही. त्याच धातूचा ‘ईशा’ (जीवन) हा शब्द मात्र आहे, उदाहरणार्थ ६९:२१ मध्ये. नाव पसरलं ते पैगंबर मुहंमद यांच्या पत्नी आयशा बिन्त अबू बक्र यांच्यामुळे. त्यांच्या नावावर २,२१० हदीस सांगितल्या जातात. मृत्यू मदिनेत, हिजरी (इस्लामी कालगणना) ५८ मध्ये. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की ढोबळ इसवी सन मिळतो, इथे ६७८. नुसते ६२२ मिळवले तर ६८० येतात, आणि सन जितका अलीकडचा तितकी ही चूक वाढत जाते.

त्यांच्यानंतर नाव खंडित झालं नाही. बहिणीची मुलगी आयशा बिन्त तल्हा, १५१७ मध्ये वारलेल्या दमास्कसच्या सूफी कवयित्री आयशा अल-बाऊनिया, कैरोच्या कवयित्री आयशा तैमूर (१८४०–१९०२) आणि कुराणाच्या अभ्यासक आयशा अब्द अल-रहमान (१९१३–१९९८) या सगळ्यांची नोंद आहे. उलट शिया समाजात, म्हणून इराणमध्ये, हे नाव विरळाच, कारण ६५६ च्या उंटाच्या लढाईत पैगंबरांच्या पत्नी आयशा या शियांचे पहिले इमाम अली यांच्या विरुद्ध बाजूला होत्या. म्हणजे ‘मुस्लिम देशांत लोकप्रिय’ असं सरसकट विधान चालणार नाही.

लोकप्रियतेचे आकडे काढण्यापूर्वी नावाची रूपं गोळा करा. तुर्कीत आयशे, स्वाहिलीत आशा (मराठी आशाशी संबंध नाही), पश्चिम आफ्रिकेत आयसातू. या शेवटच्या रूपातला ‘त’ ता मरबूताचाच. रोमनमध्ये तर लेखनाचे अनेक प्रकार, आणि अमेरिका, इंग्लंड-वेल्सच्या सरकारी याद्या प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजतात. सगळ्या रूपांची बेरीज केल्याशिवाय क्रमांक सांगू नका. अमेरिकेच्या यादीत वर्षाला पाचपेक्षा कमी नोंदी असलेली रूपं वगळलेली असतात, म्हणून बेरीज नेहमी किंचित कमीच भरते.

यादी नवजात मुलींची आहे की सगळ्या वयांच्या स्त्रियांची, हेही पाहा. तुर्कस्तानात एकूण स्त्रियांमध्ये फात्मा आणि आयशे अगदी वर आहेत, पण नवजात मुलींत झेयनेप त्यांच्या कितीतरी पुढे. दोन वर्षांची तुलना क्रमांकाने नको. दर हजार मुलींमागे किती, हे काढा. नावांची विविधता वाढली की तेवढ्याच वापरातही क्रमांक वर सरकतो.