ट्रकचा विमा घेताना कोटेशन कसे वाचावे

इंदूरच्या लोहामंडीत किंवा देवास नाक्यावर विमा एजंटाने दिलेल्या कोटेशनची फक्त शेवटची ओळ पाहून पॉलिसी ठरवू नये. त्या रकमेतील मोठा भाग सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. तेव्हा दोन कोटेशनांत पाच-सात हजारांचा फरक दिसला, तर स्वस्त कोटेशनातून काय गाळले आहे, हे आधी विचारावे.

सारखा असणारा भाग म्हणजे थर्ड पार्टी विमा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार तो सक्तीचा असून त्याचा हप्ता सरकार ठरवते. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात, गाडीचे मालासकट नोंदणीकृत वजन 7,500 किलोपर्यंत असल्यास वर्षाला 16,049 रुपये, 12,000 पर्यंत 27,186, 20,000 पर्यंत 35,313, 40,000 पर्यंत 43,950 आणि त्यापुढे 44,242 रुपये असे दर आहेत, जीएसटी वेगळा. नूतनीकरणाच्या वेळी चालू दर पडताळावा, पण त्यावर घासाघीस करण्यात वेळ दवडू नये. या हप्त्यातून इतरांच्या मृत्यूची, इजेची आणि ठरावीक मर्यादेत मालमत्तेची भरपाई होते. स्वतःच्या गाडीसाठी मात्र त्यातून काहीच मिळत नाही.

घासाघीस करायची ती ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर, आणि गफलतीही तिथेच होतात. हा हप्ता गाडीचे वय, वजन, नोंदणीचे शहर आणि आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, यांवरून निघतो. आयडीव्ही खाली ओढला की हप्ता उतरतो. मात्र गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडली, तर भरपाईही त्याच हिशेबाने मिळते आणि कर्जाचे हप्ते मालकाच्या गळ्यात राहतात.

दुसरी कात्री आयएमटी 23 या जोडकलमावर चालते. व्यावसायिक वाहनाच्या मूळ पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बंपर, बॉनेटचे भाग आणि रंगकाम यांची भरपाई गाडी पूर्ण निकामी झाली तरच मिळते. ओन डॅमेजच्या हप्त्यावर साधारण 15 टक्के जादा भरून हे कलम घेतले, तर किरकोळ अपघातातही हे भाग, घसारा वजा करून, विम्यात येतात. मुंबई-आग्रा रस्त्यावर घाट उतरताना पुढच्या गाडीवर आदळल्यास आधी बंपर, हेडलाइट आणि बॉनेटच फुटतात. त्यामुळे हे कलम वगळून वाचवलेल्या पैशाला मी तरी बचत म्हणणार नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर जोडकलमांच्या क्रमांकांची बारीक अक्षरांतली ओळ असते, तीत 23 शोधावा. त्याच ओळीत 28 ही असावा, कारण तो पगारी चालक आणि क्लीनर यांच्याबाबतच्या कायदेशीर जबाबदारीचा असून त्याचा हप्ता अगदी किरकोळ असतो.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, दाव्याविना गेलेल्या पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असतो आणि पुढे 50 टक्क्यांपर्यंत चढतो. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की तो जातो.

ट्रकच्या पॉलिसीत माल येत नाही, हे अनेक मालकांना दावा करतानाच कळते. रस्ते वहन कायदा, 2007 नुसार माल पाठवणाऱ्याने बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या माल-पावतीवर, जास्त किंमत जाहीर केलेली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत असते. पीथमपूरहून 25 लाखांचा माल 40,000 रुपये भाड्याने निघाला, तर ही मर्यादा 4 लाखांची होते. तेवढ्यासाठी वाहतूकदाराने कॅरियर्स लीगल लायबिलिटीची, म्हणजे मालाबाबतच्या स्वतःच्या कायदेशीर जबाबदारीची, वेगळी पॉलिसी घ्यावी. मालाच्या पूर्ण किमतीचा ट्रान्झिट (वाहतुकीदरम्यानचा) विमा हा मालधन्याने काढायचा असतो, आणि तो काढला आहे का, हे माल भरण्याआधीच विचारावे.

पॉलिसी चोख असूनही दावा अडतो तो बहुधा फिटनेस, परमिट किंवा चालकाच्या लायसन्सवर. परमिट नसलेल्या गाडीच्या अपघातात विमा कंपनी जखमींना भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले आहे. वाटेत पैसे घेऊन केबिनमध्ये बसवलेल्या प्रवाशांना तर मालवाहू गाडीचा विमा लागूच होत नाही.

मोठा अपघात झाल्यास कंपनीला ताबडतोब कळवून स्पॉट सर्व्हे, म्हणजे अपघाताच्या जागीच विम्यासाठीची पाहणी, होईपर्यंत शक्यतो गाडी हलवू नये. वाहतूक अडल्यामुळे पोलिसांनी ती हलवायला लावलीच, तर आधी नंबरप्लेट दिसेल असे चारही बाजूंचे फोटो काढावेत आणि बिल्टी व वजनकाट्याची पावती चालकाकडून लगेच मागवून घ्यावी.