जुन्या स्पोर्ट्‌स कारला रंग देताय? या चुका टाळा

पत्र्याचं काम संपत आलं की पेंटर एक दिवस विचारतोच, "साहेब, कलर कुठला मारायचा?" त्यावर खिशातून मोबाइल काढून इंटरनेटवरचा फोटो पुढे करणारे मालक मुंबईत पैशाला पासरी मिळतील. फोटोतली गाडी बहुतेक वेळा इंग्लंडच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या उन्हात उभी असते. कॅमेऱ्याने रंगात थोडी भर घातलेली असते आणि उरलेली कसर आपला स्क्रीन भरून काढतो. मग दोन-तीन महिन्यांनी गाडी गॅरेजबाहेर येते आणि मालक म्हणतो, "हा तो रंग नाही." पेंटरने मात्र सांगितलेलाच रंग मारलेला असतो.

स्पोर्ट्‌स कार म्हणजे लालच

एमजी असो, ट्रायम्फ स्पिटफायर असो की मर्सिडीजची १९०एसएल, पहिलं बोट लालवर पडतं. खरं तर शर्यतींच्या जुन्या जमान्यात लाल हा इटलीचा रंग होता. ब्रिटिश गाड्या हिरव्या, फ्रेंच निळ्या, जर्मन आधी पांढऱ्या आणि १९३०च्या दशकात रुपेरी झाल्या. जॅग्वारची ई-टाइप मार्च १९६१मध्ये जिनिव्हात जगासमोर आली, तेव्हा गाजलेल्या दोन गाड्यांपैकी कूपे (बंद छताची) गनमेटल करडी होती आणि कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइसने कॉव्हेंट्रीहून रात्रभर हाकत आणलेली उघडी गाडी हिरवी. दोन्हींतली एकही लाल नव्हती आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

लाल वाईट आहे असं नाही. एमजीच्या एमजीबी मॉडेलला कारखान्यातूनच टार्टन रेड मिळायचा आणि तो तिला शोभतोही. पण शर्यतीतल्या इटालियन गाडीचा भडक, नारिंगीकडे झुकणारा लाल एखाद्या गोलसर, नाजूक ब्रिटिश गाडीवर चढवला की ती खेळण्यातली वाटायला लागते, हे माझं स्पष्ट मत. शिवाय जुन्या पद्धतीचा, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) नसलेला लाल आपल्या उन्हात लवकर फिका पडतो, खडूसारखा होतो. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये राहणार असेल तर लालच्या आधी चांगल्या कव्हरचा खर्च मनात धरा.

लाल आणि पिवळ्याची आणखी एक खोड आहे. हे रंग खालचं पुरतं झाकत नाहीत. तोच डबा करड्या सरफेसरवर, म्हणजे रंगाखालच्या थरावर मारला तर एक रंग दिसतो, पांढऱ्यावर मारला तर दुसरा. "रंग मळकट आला" या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच असतं. बॉनेटवर करडा सरफेसर आणि दारावर पांढरा असेल तर गाडी दोन तुकड्यांची दिसणार. संपूर्ण गाडीला खालचा थर एकाच रंगाचा द्यायला सांगा आणि तो सुरू असताना स्वतः जाऊन बघा.

गाडीच्या अंगावरचा रंग न तपासणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडी कारखान्यातून कुठल्या रंगात निघाली याचा पुरावा पुष्कळदा तिच्या अंगावरच असतो. डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या अस्तराखाली, गालिच्याखाली, ग्लोव्हबॉक्सच्या पाठीला पाहा. मागच्या पेंटरांची फवारणीची बंदूक तिथवर सहसा पोहोचलेली नसते.

असा कोपरा मिळाला नाही तर बॉडीवरच एक खिडकी उघडा. दाराच्या आतल्या कडेजवळ रुपयाएवढी जागा घ्या. हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने गोल फिरवा. घाई करू नका, दर थोड्या वेळाने फडक्याने पुसून बघा. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशी एकेक वर्तुळं दिसायला लागतात: वर कुणीतरी मारलेला मेटॅलिक (चकाकत्या कणांचा रंग), त्याखाली पांढरा, मग पुट्टीचा पिवळट पट्टा, मग बारीकशी फिकट निळी कडा, मग प्राइमर आणि शेवटी चमकणारा पत्रा. प्राइमरला चिकटलेली ती निळी कडा हाच बहुधा तुमच्या गाडीचा जन्मरंग. मात्र एकाच जागेवर विश्वास ठेवू नका. ते दार दुसऱ्या गाडीचं असू शकतं. जुन्या गाड्यांत हे सर्रास चालतं आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एक फेरी मारली की का ते कळतं. दोन-तीन ठिकाणी उघडून बघा. आणि पेपर स्वतः फिरवणार असाल तर ओलाच फिरवा, तोंडाला मास्क लावा. जुन्या रंगांत शिसं असायचं.

कागदही मदत करतात. मर्सिडीजच्या जुन्या डेटा कार्डावर रंगाचा क्रमांक असतो. एमजी आणि ट्रायम्फसाठी इंग्लंडमधल्या गेडनचा ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट उत्पादनाच्या नोंदींवरून प्रमाणपत्र देतो, त्यात मूळ रंग लिहिलेला सापडतो. आरसी बुकावर मात्र 'ब्लू' एवढंच असतं. निळ्याच्या शंभर छटांपैकी कुठली, हे त्यावरून कळत नाही.

मशीनने रंग जुळवणारे दुकानदार उन्हात विटलेल्या बॉनेटवर यंत्र टेकवतात आणि विटलेला रंगच जुळवून देतात. त्यांना उन्ह न लागलेला तुकडा न्या. तरीही जुना पिवळा किंवा हिरवा तंतोतंत मिळेल अशी आशा ठेवू नका. त्या काळी क्रोम यलोसारखी शिशाची रंगद्रव्यं वापरत, आता दुसरी वापरतात. एका उजेडात जुळलेले दोन तुकडे दुसऱ्या उजेडात वेगळे दिसतात, ते यामुळेच.

हिरवा निवडताना

ब्रिटिश रेसिंग ग्रीन म्हणून दुकानात मागितलात तर काळपट बाटलीच्या हिरव्यापासून गवती हिरव्यापर्यंत काहीही हातात पडेल, कारण या नावाची एकच ठरलेली छटा कधीच नव्हती. कंपनी, वर्ष आणि कोड सांगा. नुसतं नाव सांगून डबा आणू नका.

आणि इथे आपल्याकडचा एक कायदा आडवा येतो, तो पुष्कळांना ठाऊकच नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. लष्करी थाटाचा मातकट हिरवा कितीही आवडला तरी तो सोडा. गडद, निळसर हिरव्याची अडचण नाही.

शेड कार्ड आणि ट्यूबलाइट

नखाएवढ्या चौकोनावरून आख्ख्या गाडीचा रंग ठरवणं म्हणजे शुद्ध जुगार. मोठ्या पृष्ठभागावर फिके रंग आणखी फिके भासतात आणि गाडीच्या वळणांवर एकाच रंगाच्या तीन-चार छटा दिसतात. भंगारातून एक जुना मडगार्ड आणा. सपाट पत्रा नको, वळणदारच हवा. त्यावर ठरलेला सरफेसर, ठरलेला रंग आणि वरचा कोट असं सगळं मारून घ्या. बेस कोट, म्हणजे खालचा रंगाचा थर, क्लिअरशिवाय निस्तेज दिसतो, तेव्हा अर्धवट नमुन्यावर मत बनवू नका.

मग तो मडगार्ड घरी आणा आणि सकाळी, टळटळीत दुपारी, संध्याकाळी, ढगाळ दिवशी बघा. ओल्ड इंग्लिश व्हाइट हा खरा मलईचा रंग, पण मे महिन्याच्या दुपारी तो सरळ पांढरा दिसतो आणि सहा वाजता पुन्हा मलईवर येतो. २०१५मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा केवढा गहजब झाला होता आठवतं? रस्ता तोच, समुद्र तोच, बदलला होता फक्त उजेड. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली ठरवलेल्या रंगाचंही तसंच होतं.

गाडी बाहेर कधी काढणार याचाही विचार करा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१मध्ये आलेल्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी केलीत, तर ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढंच. म्हणजे ती दिसणार ती बहुतेक हॉर्निमन सर्कलसारख्या ठिकाणी, हिवाळ्यातल्या रविवारच्या सकाळी. मडगार्ड त्या उजेडात आवडला पाहिजे.

पत्रा पाहून रंग

काळा रंग पत्र्याचं प्रत्येक पाप दाखवतो. पुट्टीची लाट, वेल्डिंगचा उंचवटा, काहीच लपत नाही. पत्र्याचं काम ठीकठाक असेल तर मलई, फिकट करडा, फिकट निळा हे रंग सांभाळून घेतात. काळा हवाच असेल तर डेंटिंगचं बजेट वाढवा. बाकी या शहरात मेट्रोची, टॉवरांची धूळ आहे, कबुतरं आहेत. काळी गाडी पुसणं हा इथे स्वतंत्र उद्योग होतो.

मेटॅलिकबद्दल थोडक्यात: मूळ रंग मेटॅलिक असेल तरच. रुपेरी कण कसे बसतात हे हवेच्या दाबावर आणि बंदुकीच्या अंतरावर ठरतं. उद्या एक दार घासलं तर नुसतं दार रंगवून जुळत नाही. १९५०-६०च्या साध्या सॉलिड रंगाच्या गाडीवर काचेसारखा जाड क्लिअर कोटही उपरा दिसतो.

दसऱ्याची घाई

"दसऱ्याला पूजा घरीच करायची आहे" या एका वाक्याने जेवढे रंग बिघडवलेत तेवढे पेंटरांनीही बिघडवले नसतील. त्या मुहूर्तासाठी बंदूक चालते ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत. एनसी, म्हणजे जुन्या नायट्रोसेल्युलोज रंगातला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि गडद रंगावर दुधाळ झाक येते. मालकाला वाटतं छटा चुकली, म्हणून तो रंग बदलायला निघतो. थांबा. झाक वरवरची असेल तर कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा, म्हणजे रिटार्डरचा हलका फवारा मारून ती बहुधा जाते. टूके, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या रंगाचं गणित वेगळं. त्याचा हार्डनर ओलाव्याशीच रासायनिक खेळ करतो, तिथे बुडबुडे आणि मंद चकाकी येते, आणि ते घासूनच काढावं लागतं. त्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम धरा आणि दसऱ्याला सरफेसरमधल्या गाडीलाच हार घाला.

रंग बदलणार असाल तर

इंजिनची खोली, दाराच्या कडा, डिकी हे सगळं नव्या रंगात यायला हवं. दार उघडल्यावर आतून जुना पिवळा डोकावला की गाडीची किंमत तिथेच पडते. आरटीओकडे अर्ज करून आरसीवर नव्या रंगाची नोंद करून घ्या, विमा कंपनीलाही कळवा.

रंग मारून झाला आणि तरी मन बसत नसेल तर लगेच पुन्हा घासायला काढू नका. आधी हूड (घडीचं छत), सीटा आणि चाकांकडे बघा. गडद हिरव्या गाडीवर काळ्या रेग्झिनच्या जागी बदामी कापडी हूड आलं की तोच हिरवा ऊबदार वाटतो. चाकं रुपेरी केली की जड दिसणारी गाडी हलकी होते. हे सगळं नव्या रंगापेक्षा स्वस्तात होतं. फक्त काळ्या गाडीवर पिवळट हूड चढवू नका. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या असल्या, तरी सिग्नलला कुणीतरी मागचं दार शोधत येईलच.

उरलेल्या रंगातला अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, हार्डनर न मिसळलेला. डब्यावर कोड, तारीख आणि खालच्या सरफेसरचा रंग लिहा. दुकानदाराकडून मिश्रणाच्या प्रमाणाची चिठ्ठी मागून तिचा फोटो काढून ठेवा, कारण त्या चिठ्ठीवरची शाई दोन पावसाळ्यांत उडते.